मदत हवी आहे : दुकानात पिस्तूल घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला अडवता येतं का?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमचं छोटं किराणा दुकान आहे. परवा एक नेहमीचं गिऱ्हाईक तांदळाची गोणी उचलायला वाकलं, शर्ट वर सरकला आणि कमरेला पिस्तूल दिसलं. गल्ल्यावर माझी मुलगी होती. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

मला कळलंय ते इतकंच : जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन नावाच्या खटल्यात, घराबाहेर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी न्यूयॉर्क राज्याने घातलेली ‘सबळ कारण दाखवा’ ही अट रद्द केली, त्यामुळे आपल्याकडेही परवाना मिळणं सोपं झालं. मग डिसेंबरात राज्याने नवा कायदा केला. मालकाची स्पष्ट परवानगी नसेल तर खाजगी जागेत शस्त्र आणायचं नाही, असं त्यात होतं. मला ते अगदी योग्य वाटलं होतं. पण २०२३ च्या सुरुवातीलाच फेडरल न्यायाधीशांनी दुकानांसारख्या लोकांना खुल्या जागांपुरती त्याला स्थगिती दिली.

मग आता मनाई करायची तर पाटी मीच लावायची का? नुसती पाटी पुरते, की तोंडी सांगावं लागतं? ऐकलं नाही तर पोलिसांना बोलवायचं का? इथल्या कुणा दुकानदाराने पाटी लावली असेल तर शब्द काय लिहिले ते कृपया सांगा. या विषयातला मराठी वकील माहीत असेल तर मेसेज करा, फी देईन.