मदत हवी आहे : डुलुथला हमिंगबर्ड ओळखता येत नाहीये आणि फीडरवर एकही फिरकत नाहीये

नमस्कार मंडळी,

आम्ही डुलुथला राहतो, उत्तर मिनेसोटा, लेक सुपिरियर घरापासून दहा मिनिटांवर. आई जूनमध्ये सांगलीहून आलीये, सप्टेंबरअखेर परत जाईल. मार्चमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला रंग इतके लख्ख दिसतायत की दिवसभर मागच्या दाराच्या काचेशी खुर्ची टाकून बसते. नायगारा वगैरे काही नको म्हणते, एकदा हमिंगबर्डचा तो लाल गळा बघायचाय एवढंच. आणि मला तेवढं जमत नाहीये म्हणून विचारतेय, जाणकारांनी प्लीज मदत करा.

आधी ओळखीचं. गेल्या रविवारी दुपारी शेजारच्या बी बामच्या फुलांसमोर काहीतरी हवेत थांबून मध पीत होतं. पंखांच्या जागी नुसती धूसर झालर, पाठ शेवाळी, पोटाला तांबूस पट्टा, मागे शेपटीसारखा झुपका. मी "आई, हमिंगबर्ड!" म्हणून ओरडलेच. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं याला मिशा आहेत. आणि चोच बघ कशी गुंडाळून घेतली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी." जेमतेम दोन इंचाचं होतं. मग ते काय होतं?

दुसरं म्हणजे मंगळवारी सकाळी, आभाळ भरलेलं, बर्चच्या वाळक्या फांदीच्या अगदी टोकाला अंगठ्याएवढा पक्षी बसला होता, पाठ हिरवी पण गळा काळा कुळकुळीत. लाल गळ्याचा असतो ना इकडे? मग ही वेगळी जात का? आईला हाक मारेपर्यंत उडाला.

आता फीडर. मे अखेरीपासून डेकच्या छपराखाली कोपऱ्यात लांब बाटलीवाला लावलाय, दुकानातलं तयार लाल सिरप भरते, दर शनिवारी बदलते. येतात त्या फक्त मुंग्या, रांगच्या रांग. तारेला व्हॅसलीन लावू का? आई म्हणते साखर कसली देतेस पाखराला, गुळाचं पाणी ठेव. आणि ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की फीडर उशिरापर्यंत ठेवला तर ते दक्षिणेला जात नाहीत आणि थंडीत मरतात, ते वाचून नाही, ऐकूनच पोटात गोळा आला. खरं आहे का हे?

रानवाटा :
तुमच्या आईंची नजर पक्की आहे हो. मिशा म्हणजे अँटेना, आणि गुंडाळली ती चोच नाही, सोंड. तो हमिंगबर्ड मॉथ, पतंगच, पण भर दुपारी उडतो म्हणून भले भले फसतात. पक्ष्याची चोच कधी गुंडाळत नाही एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या वेळी प्रश्न पडणार नाही.

मंगळवारचा मात्र खरा हमिंगबर्ड, आणि तो लाल गळ्याचाच. रुबी-थ्रोटेड नर. तो लाल रंग पिसांच्या रचनेतून येतो, ऊन नेमक्या कोनातून पडलं तरच पेटतो, ढगाळ दिवशी गळा काळाच दिसतो. धूपछांव साडीचा पदर हलला की रंग फिरतो ना, तसं. मिनेसोटात वीण करणारी जात ही एकच, त्यामुळे उन्हाळ्यात दुसरी शोधत बसू नका. मादीचा गळा पांढरा आणि शेपटीच्या कडांना पांढरी टोकं.

सिरप आजच ओतून द्या. १ वाटी साधी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी, विरघळेपर्यंत गरम करायचं आणि पूर्ण गार करून भरायचं. तारेचा पाक नको, रंग नको, मध नको. गूळही नको, आईंना सांगा की गुळातलं लोह या जिवाला सोसत नाही आणि ते पाणी आंबतंही लवकर. उन्हाळ्यात आठवडाभर ठेवणं म्हणजे फार झालं, दर दोन दिवसांनी बदला आणि दर वेळी गरम पाण्याने आतली भोकं ब्रशने घासा, काळी बुरशी तिथेच धरते.

निळाई :
वरच्याला +१. व्हॅसलीन अजिबात नको, पिसांना लागलं तर त्याला साफ करता येत नाही. आजी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आठवतं का? तोच उपाय. फीडरच्या वर तारेवर अडकवायची छोटी वाटी मिळते, तिच्यात पाणी भरायचं, मुंगी ओलांडत नाही.

छपराखालून बाहेर काढा, वरून जाणाऱ्याला दिसलाच नाही तर येणार कसा? पण खिडकीपासून मधल्या अंतरावर टांगू नका, काचेवर आपटतात. एकतर काचेच्या अगदी जवळ, हातभर अंतरात, नाहीतर खूप लांब. जवळ लावलात तर आईंनाही छान दिसेल. शेजारी लाल साल्व्हिया किंवा फ्युशियाची कुंडी ठेवा, पुढच्या वर्षी कार्डिनल फ्लॉवर लावा. आणि डुलुथला आहात तर रात्री फीडर घरात घ्या, अस्वलं येतात गोडाला.

जुलैत शुकशुकाट वाटला तरी धीर धरा. मादी एकटीच अंडी उबवते, पिल्लांनाही एकटीच भरवते. घरटं अर्ध्या अक्रोडाएवढं, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं आणि बाहेरून दगडफूल चिकटवलेलं, हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड! मी एकदा पाहिलंय, फांदीवरची गाठच वाटली होती. पिल्लं उडाली की ऑगस्टमध्ये फीडरवर नुसती झुंबड असते.

सिएटलकर :
आमच्याकडचे अ‍ॅनाज हमिंगबर्ड हिवाळाभर राहतात, बर्फात फीडर गोठू नये म्हणून आम्ही धडपडतो. तुमचे राहत नाहीत. पण फीडरमुळे थांबतात हे साफ चूक, दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या अंगातच निघायची ओढ येते. मेक्सिको, मध्य अमेरिकेपर्यंत जातात, त्यातले बरेच मेक्सिकोच्या आखातावरून ८०० किलोमीटर एका दमात, वजन ३ ग्रॅमच्या आसपास! उलट मागे राहिलेल्याला वाटेत चारा मिळावा म्हणून शेवटचा दिसल्यावरही दोन आठवडे ठेवाच.

धागाकर्ती, अपडेट :
मंडळी, आला!! सगळं सांगितलं तसं केलं, साखर आईने स्वतः वाटीने मोजली, फीडर काचेला चिकटूनच लावला. पाचव्या दिवशी सकाळी सहाला आई चहा घेऊन बसली होती, मला हाक मारली नाही, आवाजाने उडेल म्हणून. मी उठून आले तर कप तसाच, साय धरलेला, आणि तिने नुसतं बोट दाखवलं. वीतभर अंतरावर तो फीडरच्या काठावर बसून पीत होता, जीभ आत-बाहेर होताना दिसत होती आणि पाठीवरचं एकेक पीस.

पण गळा पांढरा आहे. मादी का? फोनवर फोटो मोठा करून पाहिला तर गळ्यावर बारीक करड्या रेघा आहेत आणि डाव्या बाजूला एकच ठिपका, लाल.

रानवाटा :
मादी नाही, यंदाचं पिल्लू आहे, नर. रेघा आणि एखाददुसरं लाल पीस हीच खूण. आईंना सकाळच्या उन्हात त्या एका पिसाकडे बघायला सांगा, ऊन पडलं की तेवढंच पेटेल.