आरटीएस म्हणजे नक्की काय? गेम, राऊटर की दाखला?

तिरंदाज_पुणे
नमस्कार मंडळी, एक गोंधळ झालाय तो सोडवा. आम्ही चुलत-मावस भावंडं शनिवारी रात्री एज ऑफ एम्पायर्स टू खेळतो, नवीन डेफिनिटिव्ह एडिशन. मी पुण्यात, एक जण नाशिकला, मोठा दादा शारजात. हल्ली मोठी लढाई सुरू झाली की गेम अडखळतो, धनुर्धारींना हुकूम देऊन मोकळा झालो तरी ते जरा वेळाने हलतात आणि तोवर समोरच्याचे घोडेस्वार अंगावर आलेले असतात. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरलो तर वायरलेसच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर 'आरटीएस थ्रेशोल्ड' लिहिलंय आणि पुढे आकडा २३४७. आपल्या गेमच्या प्रकारालाही आरटीएसच म्हणतात ना, रिअल टाइम स्ट्रॅटेजी, मग हे सेटिंग त्याच्यासाठीच दिलेलं असतं का? एक मित्र म्हणाला २५६ कर, पण का ते त्याला सांगता येईना म्हणून अजून हात लावलेला नाही.

आणि दुसरं, बहिणीचं नॉन क्रीमीलेयर प्रमाणपत्र द्यायची मुदत संपून गेली तरी मिळालेलं नाही, तर सेतू केंद्रातले काका म्हणाले "आरटीएसमध्ये अपील टाका". आता हे तिसरं आरटीएस कुठलं? कोणी नीट सांगेल का, घाई आहे, तिच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न आहे.

केबलवाला_विनू
आकडा २३४७ च राहू दे भावा, हात लावला नाहीस ते उत्तम. राऊटरमधलं आरटीएस म्हणजे रिक्वेस्ट टू सेंड, पाठवू का असं विचारणं. गेमशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वायफायमध्ये सगळी उपकरणं एकाच चॅनेलवर बोलतात, म्हणून प्रत्येक जण आधी कानोसा घेतो, कोणी बोलत नाही असं दिसलं की मग पाठवतो. पण समज तुझा लॅपटॉप हॉलच्या एका टोकाला आणि आईचा फोन स्वयंपाकघराच्या पलीकडे, दोघांनाही राऊटर ऐकू येतो पण एकमेकांचे सिग्नल पोचत नाहीत, मग दोघंही चॅनेल मोकळा समजून एकदम पाठवतात आणि राऊटरपाशी दोन्हीचा चुराडा होतो. याला हिडन नोड प्रॉब्लेम म्हणतात. त्यावर उपाय असा की पाठवणाऱ्याने आधी एक छोटी फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, टाकायची, ती आरटीएस. राऊटर उत्तरात सीटीएस टाकतो, क्लिअर टू सेंड, आणि ती ऐकून बाकी सगळे तेवढा वेळ गप्प बसतात. थ्रेशोल्ड म्हणजे किती बाइटच्या वरच्या फ्रेमसाठी हा सगळा परवानगीचा खटाटोप करायचा तो आकडा. २३४७ ठेवला की साधारण कुठलीच फ्रेम त्याच्या वर जात नाही, म्हणजे हे सेटिंग जवळपास बंदच असतं.

तुझ्या मित्राचं ऐकून २५६ केलंस तर प्रत्येक मोठ्या फ्रेमआधी विचारणा आणि उत्तर असा जादा वेळ जाईल, घरातल्या सगळ्यांचं नेट मंदावेल आणि तुझ्या गेमला काहीच मिळणार नाही, कारण अशा गेमची पॅकेट्स मुळातच लहान असतात, ती बहुतेक २५६ च्या खालीच राहणार.

हे शब्द वायफायच्याही आधीचे आहेत बरं का. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असायचा, आरएस-२३२, त्यात सातवी पिन आरटीएस आणि आठवी सीटीएस. डायल-अप मॉडेम त्यावर चालायचे. वायफायवाल्यांनी तिथलीच नावं उचलली. आजही कारखान्यात पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, किंवा वजनकाट्याची केबल जोडणाऱ्या माणसाला आरटीएस म्हणालात तर तो ही पिनच समजेल.

सांगलीकर_मानसी
नॉन क्रीमीलेयरचं मी सांगते, गेमचं मला काही कळत नाही पण हे मी माझ्या भावासाठी सगळं केलेलं आहे. सरकारी कामात आरटीएस म्हणजे राइट टू सर्व्हिसेस, आपला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. मध्य प्रदेशने असा कायदा देशात सगळ्यात आधी २०१० मध्ये केला, मग बाकीच्या राज्यांनी. बिहारमध्ये याला आरटीपीएस म्हणतात, आपल्याकडे ऑफिसात सगळे आरटीएसच म्हणतात.

यात काय आहे की कुठली सेवा किती दिवसात द्यायची, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचं हे कार्यालयाने फलकावर लावायलाच पाहिजे. अर्ज घेतला की पोच द्यायची. मुदतीत दाखला नाही मिळाला किंवा नाकारला तर तीस दिवसाच्या आत पहिलं अपील, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. तिथं नाही झालं तर दुसरं अपील, आणि त्याच्यावर राज्य सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याने सबळ कारण नसताना उशीर केला असं ठरलं तर त्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

आता महत्त्वाचं, तुमचा अर्ज आपले सरकार पोर्टलवरून गेलाय ना ते बघा, सेतूतून भरला असेल तरी पावतीवर अर्ज क्रमांक असतो, तो जपून ठेवा, त्याच्यावरूनच सगळं शोधता येतं. अर्ज त्रुटी काढून परत आलाय का तेही आधी बघा, पुष्कळदा एक कागद कमी म्हणून तो परत आलेला असतो आणि आपल्याला कोणी सांगतच नाही, तसं असेल तर अपिलात वेळ घालवू नका, कागद जोडा. आणि कृपा करून हे आरटीआय समजू नका, पुष्कळ लोक समजतात. आरटीआय म्हणजे माहितीचा अधिकार, २००५ चा, त्यात तुम्हाला माहिती मिळते, दाखला मिळत नाही. बहिणीला धीर द्या, अपील टाकल्यावर बऱ्याचदा फाईल हलते.

तिरंदाज_पुणे
मानसीताई खूप खूप आभार, पावती सापडली, उद्याच बघतो. विनूदादा तुमचंही समजलं, आकडा तसाच ठेवला. पण मग गेम का अडखळतो? आमचं कनेक्शन शंभर एमबीपीएसचं आहे, स्पीड टेस्ट मारली की पूर्ण येतो.

लोझानचा_मराठी
मध्येच घुसतो, इकडे स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात आरटीएस म्हटलं की लोकांना टीव्ही आणि रेडिओ आठवतो, रादियो तेलेव्हिजियों स्युईस. २०१० मध्ये इथला फ्रेंच टीव्ही आणि फ्रेंच रेडिओ एकत्र करून ते झालं. सर्बियाच्या सरकारी वाहिनीलाही आरटीएसच म्हणतात, १९९९ साली नाटोने बेलग्रेडमधल्या तिच्या इमारतीवर बॉम्ब टाकला होता, त्यात १६ कर्मचारी गेले. बाकी चालू द्या.

वूडलाइन
अडखळण्याचं मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे मोठं होईल, वाचून काढ.

या गेममध्ये तुझ्याकडून दादाकडे सैनिक पाठवले जात नाहीत, जातात ते फक्त हुकूम. एन्सेम्बल स्टुडिओजने पहिला एज ऑफ एम्पायर्स १९९७ मध्ये काढला तेव्हा त्यांचं लक्ष्य होतं २८.८ केबीपीएसचा मॉडेम आणि १६ एमबी रॅमचा पेंटियम ९० मशीन, आणि तेवढ्यावर आठ जणांचा खेळ चालायला हवा. शेकडो युनिटची, म्हणजे सैनिक वगैरेंची, जागा, उरलेला जीव, दिशा हे सगळं सतत त्या मॉडेमवरून पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी असं केलं की सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तोच खेळ हुबेहूब तसाच चालतो, यदृच्छेने येणारे आकडेसुद्धा सगळीकडे तेच येतात, आणि वायरीवरून फक्त एवढंच जातं की अमुक खेळाडूने अमुक तिरंदाजांना अमुक ठिकाणी पाठवलं. तुझा हुकूम लगेच अमलात येत नाही, तो दोन टर्न (इथे टर्न म्हणजे पाळी नव्हे, वेळेचा अगदी छोटा तुकडा) पुढे ठेवला जातो म्हणजे तोवर तो सगळ्यांपर्यंत पोचतो आणि सगळीकडे एकाच क्षणी घडतो. एका जरी मशीनवर गणित वेगळं आलं तर खेळ तुटतो, आउट ऑफ सिंक म्हणतात ते हेच. याला लॉकस्टेप म्हणतात, आणि सेकंड पार्ट, डेफिनिटिव्ह एडिशन, सगळे याच पायावर उभे आहेत.

आता यातून दोन गोष्टी निघतात. एक, शंभर एमबीपीएसचा इथे काही उपयोग नाही, पाठवायचंच मुळी चिमूटभर असतं, ते वेळेवर पोचणं महत्त्वाचं. त्या प्रोग्रामरना चाचण्यांत असं दिसलं की हुकुमाला पाव सेकंद उशीर झाला तर खेळणाऱ्याला कळतही नाही, अर्ध्या सेकंदापर्यंत चांगलं खेळता येतं, पण उशीर कधी कमी कधी जास्त व्हायला लागला की माणूस वैतागतो. तुझं तेच होतंय. वायफायवर पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, उड्या मारतो, घरात कोणी व्हिडिओ लावला की अजून. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल टाक. दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकाच वेगाने पुढे जायचं असल्यामुळे ज्याचं मशीन सगळ्यात कमजोर त्याच्या वेगाने सगळ्यांचा खेळ चालतो. तू म्हणतोस मोठी लढाई सुरू झाली कीच अडखळतो, म्हणजे मला तर नेटपेक्षा कुणाच्या तरी लॅपटॉपवर जास्त संशय आहे. गेममध्येच बेंचमार्क टेस्ट आहे, रँक्ड, म्हणजे क्रमवारीचे सामने, खेळायला त्यात १००० गुण लागतात, तिघांनीही ती करा आणि ज्याचे कमी येतील त्याने ग्राफिक्स खाली आणा, पॉप्युलेशन लिमिट, म्हणजे प्रत्येकाच्या युनिटची कमाल संख्या, २०० च ठेवा, ५०० नको.

केबलवाला_विनू
वूडलाइन, क्या बात! हे हुकूम पाठवायचं मला माहीतच नव्हतं. मग एक शंका, रिअल टाइम म्हणजे नक्की काय? आमच्या क्षेत्रात रिअल टाइम सिस्टम म्हणजे ठरलेल्या मिलिसेकंदात उत्तर आलंच पाहिजे, गाडीची एअरबॅग वगैरे. गेममध्ये तसं कडक काही नसावं.

वूडलाइन
नाही, गेममध्ये रिअल टाइम एवढंच की पाळी नाही. बुद्धिबळात समोरचा विचार करत बसला तर तुम्ही थांबता, सिव्हिलायझेशनसारख्या टर्नवाल्या गेममध्येही थांबता. इथे कोणी कोणासाठी थांबत नाही. तू सोन्याच्या खाणीवर विलेजर, म्हणजे कामकरी, लावत असतोस तेव्हा समोरचा तुझ्या लाकूडतोड्यांवर धाड टाकत असतो.

हे नाव रूढ झालं ते ड्यून टूमुळे, वेस्टवुड स्टुडिओज, १९९२, आणि रिअल टाइम स्ट्रॅटेजी हा शब्द तिथल्या ब्रेट स्पेरी यांचा मानतात. त्याआधी १९८९ ला सेगाच्या कन्सोलवर हेर्झोग त्स्वाय हा गेम होता, त्यात बरंच काही आलं होतं, पण संसाधन गोळा करा, इमारती बांधा, सैन्य काढा, माउसने निवडा आणि पाठवा हा साचा ड्यून टूने घालून दिला. मग १९९४ ला वॉरक्राफ्ट, ९५ ला कमांड अँड कॉन्कर, ९८ ला स्टारक्राफ्ट, आणि स्टारक्राफ्टने तर दक्षिण कोरियात टीव्हीवर सामने दाखवायची पद्धतच पाडली. वॉरक्राफ्ट थ्रीच्या मॅप एडिटरमध्ये खेळणाऱ्यांनीच डोटा बनवला, ज्याच्यातून आजचे सगळे मोबा, म्हणजे एकेक हिरो घेऊन गटाने लढायचे गेम, आले, आणि माझ्या मते आरटीएसची गर्दी कमी होण्याचं एक मोठं कारण तेच, पोरांना एक हिरो सांभाळणं सोपं वाटलं.

पण मला आरटीएसच आवडतो आणि का ते सांगतो. एका विलेजरला ५० फूड आणि २५ सेकंद लागतात. खेळ सुरू झाल्यापासून टाउन सेंटर, म्हणजे विलेजर बनवणारी मुख्य इमारत, रिकामं राहू द्यायचं नाही, आणि ते करता करता मेंढ्या शोधायच्या, रानडुक्कर ओढून आणायचं, घर वेळेत बांधायचं, ५०० फूड साठवून फ्युडल या पुढच्या युगात जायचं. नुसतं एवढं चोख करणारा माणूस निम्म्या खेळाडूंना लढाई न करता हरवतो. तुमचं लक्ष हीच खरी संपत्ती आहे, सोनं-लाकूड नंतर. बुद्धिबळात कॉम्प्युटरने कास्पारोव्हला १९९७ लाच हरवलं, स्टारक्राफ्ट टूमध्ये ग्रँडमास्टर पातळी गाठायला डीपमाइंडच्या अल्फास्टारला २०१९ उजाडलं, कारण इथे पूर्ण पट दिसत नाही, पाळी नाही, आणि एकाच वेळी दहा ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो.

देवगिरी_२
वूडलाइन, मनातलं लिहिलंत. मी इतिहासासाठी खेळतो. या गेमच्या २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या जोडभागात बंगाली, द्रविड, गुर्जर या नव्या संस्कृती आल्या, आधीच्या इंडियन्सचं हिंदुस्तानी झालं, राजेंद्र चोळाची मोहीमही आली. पण देवगिरीचे यादव नाहीत! बाराव्या शतकाच्या शेवटापासून चौदाव्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ, म्हणजे या गेमच्या अगदी मध्यात बसतो. १२९६ ला अल्लाउद्दीनची देवगिरीवरची स्वारी, रामचंद्रदेव, नंतर १३१७ ला राज्याचा शेवट, यात पाच-सहा लढायांची मोहीम सहज निघते. डोंगर तासून केलेला तो किल्ला आणि खंदक बघितलाय ना सगळ्यांनी? गेममध्ये सिनारिओ एडिटर आहे, मी त्यात देवगिरीचा मॅप करायला घेतलाय, खंदक पाण्याने दाखवलाय आणि वर जायला एकच वाट ठेवलीय. एआयचं सैन्य त्या वाटेवर अडकून बसतं, तेवढं ट्रिगर (अमुक झालं की अमुक घडव असे आधी लिहून ठेवायचे नियम) वापरून कसं सोडवायचं ते कोणाला येत असेल तर सांगा.

वूडलाइन
वाट किमान तीन-चार टाइल रुंद कर, एका टाइलच्या वाटेवर मोठा घोळका हमखास अडकतो. आणि एआयवर न सोडता ट्रिगरनेच हल्ला करव, दर काही मिनिटांनी नव्या युनिट तयार करून त्यांना टास्क ऑब्जेक्ट या ट्रिगरच्या हुकमाने दरवाज्याकडे पाठव, घोळका लहान ठेव. फाईल टाक इथे, मी रविवारी बसून बघतो.