अनुभव धागा: स्प्रूसच्या जंगलातली अळंबी, काय उचलता, काय सोडता?

रोवणगंध
गावाहून सकाळी रोवणांचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या पावसाळी अळंब्यांचा फोटो आला. वारुळाभोवती पांढरीशुभ्र उमललेली. डोळे भरून आले, आणि लगेच काळजी वाटली, म्हणून धागा काढतेय. फिनलंड-स्वीडनमध्ये आता हंगाम आहे, नवीन आलेली आपली मंडळी टोपली घेऊन निघतात. कोकणात पांढरं दिसलं की हात आपोआप पुढे जातो. इथे स्प्रूसखाली (सुईसारख्या पानांचं झाड) पांढरं म्हणजे अमॅनिटा विरोसा हे जीवघेणं विषारी अळंबं असू शकतं. टोपी, तिच्या खालचे पापुद्रे, देठ सगळं पांढरं, देठ खवलेदार, बुडाशी पिशवी. ती पिशवी शेवाळात गाडलेली असते. चाकूने वरच्यावर कापलंत तर ओळखायची खूणच जमिनीत राहते. अनोळखी अळंबं बोटं खाली घालून बुडासकट काढायचं. नवख्याने पांढरं घरी आणूच नये.
तुम्ही काय गोळा करता, कसं ओळखता, लिहा.

तुर्कूकर
कँटरेल, म्हणजे पिवळं खायचं अळंबं. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी धावू नका, आठवडाभर द्या. स्प्रूस-बर्च मिसळलेलं जंगल, हिरवं शेवाळ, जुन्या पायवाटेच्या कडा. खाली पापुद्रे नसतात, घड्या असतात. बोथट, फाटे फुटलेल्या, देठावर उतरलेल्या, नखाने सुटत नाहीत. उभं फाडलं की आत पांढरट, शिजलेल्या कोंबडीसारखे धागे. वास जर्दाळूचा.
फसवा कँटरेल नारिंगी, मऊ, आतूनही नारिंगीच, आणि खाली खरे पातळ दाट पापुद्रे. पोट बिघडू शकतं. एकदा जागा सापडली की फोनवर खूण करून ठेवा, दरवर्षी तिथेच येतात.

मीनल_उप्साला
वरच्यात भर, कारण ही चूक जिवावर बेतते. त्याच शेवाळात गंजाच्या रंगाचा कॉर्टिनेरियस रुबेलस हा विषारी अळंबा असतो. टोपीला मधे उंचवटा, देठावर पिवळसर वेढे. शरदात ट्रॅटकँटरेल (कँटरेलचा लहान, तपकिरी टोपीचा भाऊबंद) शेकड्यांनी उगवतात, लोक मुठीने उपटतात, त्यात हा एखादा शिरतो. विष मूत्रपिंडावर जातं आणि त्रास काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. तोवर काय खाल्लं होतं हेच आठवत नाही. एकेक खुडा, देठ चिमटीत दाबा. ट्रॅटकँटरेलचा देठ पोकळ, पिवळसर. भरीव लागला तर टाका.

चुलीपाशी
विरोसाचं उलट घड्याळ आहे. खाल्ल्यावर 6 ते 24 तासांनी उलट्या-जुलाब, मग बरं वाटतं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या काळात यकृत जात असतं. शिजवून विष जात नाही. शंका आली तर त्रासाची वाट न बघता 112, आणि उरलेली भाजी, सोललेले तुकडे, सगळं सोबत न्या. चांदीचा चमचा, लसूण काळी पडते का, तांदूळ लाल होतो का, यातलं काहीही विश्वासाचं नाही. गोगलगायीने खाल्लंय म्हणजे चांगलं, हेही नाही.

देवगडचा
वाटण कोणतं घालता? कांदा-खोबरं चालतं का

चुलीपाशी
कँटरेलला नको हो, वास मरतो. धुऊ नका, ब्रशने माती झाडा. कोरड्या तव्यात तेलाशिवाय टाका, मीठ नाही. पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या, तवा चरचरायला लागला की मग लोणी, शेवटी मीठ. आधीच तेल घातलं की भाजी त्यात उकडते, रबरासारखी होते. ट्रॅटकँटरेलला मात्र वाटण पेलतं, करून बघा.

बव्हेरियातून
इकडे श्टाइनपिल्झ, म्हणजे पोर्चिनी हे खायचं अळंबं. देठावर पांढरी जाळी, टोपीखाली स्पंज, गर कापल्यावर पांढराच राहतो. कडू जुळा भाऊ आहे: जाळी गडद, स्पंज गुलाबी होत जातो. जिभेचं टोक लावून थुंका, लगेच कळतं (फक्त स्पंजवाल्यांसाठी, ही युक्ती इतर अळंब्यांवर नको!). एक तुकडा गेला तरी अख्खी कढई कडू. जंगलातच उभा कापून किडे बघा. मारोन हे तपकिरी टोपीचं स्पंजवालं अळंबं दाबल्यावर निळं होतं, ते खायचं असतं, निळं म्हणजे विष नव्हे. पण दक्षिण बव्हेरियात 1986 च्या चेर्नोबिलचं किरणोत्सारी सीझियम मातीत अजून आहे आणि मारोन ते जास्त धरतं, म्हणून ताटात कधीतरीच.

पिंपळपार
गोचिडींचं काय करता? माझ्या मुलाला चावली परवा :(

मीनल_उप्साला
अगं काळजी घे! चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. चट्टा गोल पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टर. मेंदूज्वराची लस इथे मिळते, पँट मोज्यात खोचा.

कुलूवासी_पुणेकर
सूचिपर्णी म्हणजे फक्त युरोप नाही. आपल्या हिमालयात देवदार-कैलच्या (कैल म्हणजे तिथला पाइन) जंगलात गुच्छी, मधाच्या पोळ्यासारख्या टोपीचं अळंबं, मार्च ते मे, बर्फ वितळल्यावर. खात्री करायला उभी चिरा: टोपीपासून देठापर्यंत एकच पोकळी हवी. आत कापूस किंवा खण दिसले तर सोडा. कच्ची कधीच नाही, नीट शिजवूनच. वाळवली की साधारण दहावा हिस्सा उरतो, म्हणून ती इतकी महाग.

तुर्कूकर
त्या खणवाल्यासारखीच कोर्वासिएनी (गुच्छीसारखी दिसणारी, कच्ची विषारी अळंबी) इथे बाजारात मिळते, सोबत इशाऱ्याची चिठ्ठी. एक भाग अळंबी, तीन भाग पाणी, पाच मिनिटं उकळून पाणी फेका, धुवा, परत तेच. खिडक्या उघड्या, वाफही विषारी. गरोदर बाई आणि लहान मुलांना नाहीच. मी तर म्हणतो, कोणीच सुरुवात यापासून करू नये.

देवगडचा
उद्या निघतोय, टोपली नाहीये, प्लास्टिक पिशवी चालेल?

रोवणगंध
नको, तासाभरात घाम धरून लगदा होतो. कागदी पिशव्या घ्या, दोन. खात्रीची एकीत, शंकेची दुसरीत. आणि भडक नारिंगी जाकीट घाला, शिकारीचा हंगाम तोंडावर आहे.