मदत हवी आहे: मधला प्रवाह फ्लाय ओढून नेतो

मंडळी, फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे गळाला बांधलेला नकली किडा, त्याने मासे पकडणं) करणाऱ्यांना एक विचारायचं आहे. आवडत्या नदीत उतरून ट्राउट माशांच्या मागे असतो. अडचण एकाच जागी येते. माझ्या आणि माशांच्या मध्ये जोराचा प्रवाह, पलीकडे काठालगत संथ पाणी. मासे तिथेच, प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणारे किडे टिपत असतात. ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) हवी तिथे पडते, पण मधलं पाणी लाइनला ओढतं आणि फ्लाय पाण्यावर रेघ मारत पळते. असल्या फ्लायकडे ट्राउट ढुंकूनही बघत नाही.

लाइन पडल्यावर ती उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकतो, ५एक्स टिपेटही (लाइनच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा बारीक दोरा) लांब ठेवलंय. तरी फ्लाय मोकळी वाहते ती जेमतेम दोन-तीन फूट. इथे रीच कास्ट (लाइन हवेत असतानाच रॉड बाजूला नेऊन ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाडणं) करावा, की वरच्या बाजूला जाऊन फ्लाय खाली सोडावी? वरून सोडली की हुक माशाच्या तोंडातून निसटायची भीती, म्हणून कचरतोय.

दुसरं, जवळ जायचं तर मांडीभर पाणी आणि शेवाळलेले गोटे. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटचा) पट्टा आवळलेला आणि हातात काठी असतेच. बुटांच्या रबरी तळव्यांना स्टड (धातूचे खिळे) लावून कितपत पकड मिळते? फेल्ट (जाड नमद्याचे तळवे) नको. ते लवकर वाळत नाही आणि त्यातून डिडिमोसारखं शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ शकतं.

पाणी २० अंशांजवळ गेलं की माशांना त्रास नको म्हणून मी गळ गुंडाळतो, तेव्हा उन्हाळ्याआधी सांगितलंत तर फार बरं!