मदत हवी आहे: नानांचं रिव्हॉल्व्हर कमरेला उघडं लावावं की शर्टाखाली?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. आमचे नाना (माझे काका) केळी आणि कापसाचा व्यापार करतात. हंगामात रोकड घेऊन शिरपूर रस्त्याने रात्री परतावं लागतं. मागच्या वर्षी दोघांनी मोटारसायकल आडवी घालून पिशवी हिसकावली, नानांच्या खांद्याला मार लागला. नंतर रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना आला आणि ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

आता घरात वाद चालू आहे. नाना ते पट्ट्याला, शर्टाच्या वरून लावतात. म्हणतात, "चोरले दिसाले जोयजे, मंग तो जवळ येत नही." चुलतभाऊ अमेरिकेचे व्हिडिओ दाखवून त्यांना दुजोरा देतो. मला मात्र धास्ती वाटते. परवा केळीचा ट्रक भरताना नाना घड मोजायला वाकले, तर मूठ पार बाहेर आली आणि मागे उभा असलेला हमाल तिच्याकडेच बघत होता. गर्दीत कुणी ओढलं तर? शिवाय जवळच्या उमर्टी गावात बनणाऱ्या गावठी कट्ट्यांमुळे आमच्या पट्ट्यात पोलिसांची नजर कायम असते.

असं उघडं लावणं कायद्यात बसतं का? आणि वेळ आलीच तर नानांनी गोळी कधी झाडायची, कधी नाही? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
दादा, नानांना आजच थांबवा. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ८ वाचून दाखवा. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असायला हवं. ते काढून दाखवायलाही मनाई आहे. अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये २०१६ पासून परवानाधारकाला उघडं लावता येऊ लागलं, २०२१ मध्ये तिथे परवान्याची अटही बहुतेकांसाठी गेली. ते आपल्या चोपड्याच्या बाजारात चालत नाही.

लग्नसराईचंही सांगून ठेवा. हळदीत कुणी "नाना, एक बार होऊन जाऊ द्या" म्हटलं तरी हात लावायचा नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदात बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघाला तर लगेच जमा करून पावती घ्या.

प्रतिसाद २
गोळीबद्दल सांगतो, फौजदारी कोर्टात कामं करतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. जबरी चोरीच्या वेळी जीव घेण्यापर्यंतचा अधिकार कलम ४१ देतं, पण ३७ म्हणतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नको. आणि ४३ नीट समजावा: समोरच्याकडून मार, अडवणूक किंवा त्याची तात्काळ भीती असेपर्यंतच जबरी चोरीविरुद्धचा हा अधिकार टिकतो. पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपीच्या पिंजऱ्यात नाना उभे राहतील. मागच्या वर्षीसारख्या प्रसंगात मोटारसायकल निघून गेल्यावर गोळी झाडली, तर ती कोर्टात योग्य ठरवणं मला तरी अवघड वाटतं.

परवान्यावरचं क्षेत्रही बघा. फक्त महाराष्ट्र असेल तर कापसाच्या सौद्याला मध्य प्रदेशात सेंधव्याला जाताना ते सोबत नेता येणार नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. क्षेत्र महाराष्ट्रच आहे, आणि नाना महिन्यातून एकदा तरी सेंधव्याला जातात! रात्री जेवताना नियम ८ वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मंग रोकड आणूच नको, बँकेत टाकाले सांग." काही व्यापारी ऐकतील, सगळे नाही. तोवर शर्टाखाली लावायचं ठरलंय. या उन्हात घामाने चामडं खराब होतं, तेव्हा पँटच्या आत बसणारं, मूठ घट्ट धरून ठेवणारं होल्स्टर कुणी वापरत असेल तर कोणतं चांगलं ते सांगा.