मदत हवी आहे: बीजिंगच्या ‘बर्ड्स नेस्ट’चं छत कसं तोललंय?
नमस्कार मंडळी, स्ट्रक्चर्सवाल्यांनी जरा मदत करा. २००८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या बीजिंगच्या नॅशनल स्टेडियमचा (म्हणजेच ‘बर्ड्स नेस्ट’चा) अभ्यास करतोय, त्यात बाहेरची स्टीलची जाळी आणि आतला प्रेक्षकांचा काँक्रीट बाऊल (वाडग्यासारखा बसायचा भाग) हे दोन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवलेत, ते भूकंपासाठी की ऊन-थंडीत स्टील कमी-जास्त होतं म्हणून? मूळ डिझाइनमध्ये सरकतं छत होतं, २००४ मध्ये ते काढलं आणि स्टील बरंच वाचलं, पण मग उरलेली जाळी नव्याने डिझाइन केली का? सगळ्यात जास्त अडलंय ते २००६ मध्ये खालचे तात्पुरते टेकू काढले तिथे, एवढं वजन टप्प्याटप्प्याने खांबांवर कसं उतरवतात? ड्रॉइंगसकट कोणी समजावलं तर फारच बरं होईल.