पाठीवर कवटी असलेला पतंग बाल्कनीत आलाय, हात लावला की चीं चीं ओरडतोय

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. आम्ही मानपाड्याला राहतो, मागेच येऊरचा डोंगर, त्यामुळे पावसाळ्यात घरात काय काय येतं त्याची सवय आहे. पण आज सकाळी बाल्कनीच्या भिंतीवर जे बसलंय ते आधी कधीच बघितलं नव्हतं. बोटाएवढं जाड अंग, काळपट पंख, पोटावर पिवळे पट्टे आणि डोक्याच्या मागे पाठीवर चक्क माणसाची कवटी, डोळ्यांच्या खोबणींसकट. सुपलीवर घेऊन वांग्याच्या कुंडीत ठेवायला गेले तर उंदराच्या पिल्लासारखा ओरडला. पतंग ओरडतात?? सासूबाई म्हणतायत हा यमाचा दूत, दिवेलागणीच्या आत बाहेर काढ. वॉचमन स्प्रे घेऊन वर आला होता त्याला कसंबसं थांबवलंय. सकाळपासून हललेला नाही, आजारी असेल का? साखरपाणी ठेवू?

रानवाट:
ताई, स्प्रे थांबवलात त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. हा डेथ्स हेड हॉकमॉथ. आपल्याकडे याच्या दोन जाती, अकेरोन्शिया स्टिक्स आणि अकेरोन्शिया लॅकेसिस, तिसरी ॲट्रोपॉस ती आफ्रिका-युरोपातली. स्टिक्स म्हणजे ग्रीक पुराणातली मृत्यूलोकाची नदी, आपली वैतरणी समजा, आणि लॅकेसिस म्हणजे माणसाच्या आयुष्याचा धागा मोजणारी देवी. तेव्हा सासूबाईंना जे वाटलं तेच तिकडच्या लोकांनाही वाटत आलंय. पण कवटी म्हणजे फक्त पाठीवरच्या केसांची नक्षी आहे हो. चावत नाही, डंख नाही, विष नाही.

आजारी वगैरे काही नाही, रात्रीचा प्राणी आहे, दिवसा असाच चिकटून बसणार. साखरपाणी नको. अंधार पडायच्या आत बाल्कनीतला दिवा बंद करा, पडदा ओढा आणि त्याला अजिबात हलवू नका, बास.

आणि हो, ओरडतात, पण हे पतंगांमध्ये फार वेगळं आहे कारण हा तोंडाने आवाज काढतो. घशात हवा ओढतो तेव्हा आतली छोटीशी झडप थरथरते आणि कर्कश आवाज येतो, मग तीच हवा बाहेर सोडताना बारीक शिट्टी वाजते. युरोपातल्या जातीवर 2015 साली याचा नीट अभ्यास झालाय. पंख थोडे उघडले तर खालच्या पंखांचा रंग बघून सांगा, त्यावरून जात कळेल.

सातेरी:
माझ्या मामाकडे महाबळेश्वरच्या बाजूला सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, तो याला चांगला ओळखतो. हा मध चोरतो! सोंड बाकी हॉकमॉथसारखी लांबलचक नसते, आखूड आणि जाड असते, ती मेणाच्या झाकणात खुपसायची आणि मध ओढायचा. एवढ्या माश्यांच्या मधून जातो कसा हे मला लहानपणापासून कोडं होतं, मग वाचलं की ॲट्रोपॉसच्या अंगावर मधमाश्यांच्या अंगावर असतात तीच चार फॅटी ॲसिडं सापडली, 1991 मधलं काम आहे, म्हणजे काळोख्या पेटीत त्याचा वास घरच्यासारखाच. मामा त्याला मारत नाही, पेटीचं दार फक्त इतकं बारीक ठेवतो की माशी जाईल आणि हा जाणार नाही. पोळ्याची नासाडी करतो तो मेणपतंग वेगळा, दोघांना एकच समजून याला मारू नका कृपया.

ऐरोली_खाडी:
नशीबवान आहात! मला आजवर एकदाच दिसला, तोही मेलेला, सोसायटीच्या गच्चीवर रात्रभर जळणाऱ्या फोकसखाली. फार वाईट वाटलं होतं. ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला मुलांना घेऊन आपण सगळे जातो, छानच आहे ते, पण भारतात फुलपाखरं तेराशेच्या आसपास आणि पतंग 10,000 पेक्षा जास्त, त्यांच्याकडे कोण बघतं? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॉथ वीक असतो, तेव्हा पांढरी चादर टांगून मागे एक बल्ब लावून बघा, तासाभराने बंद करा. येऊरच्या पायथ्याशी राहता, काय काय येईल!

घोडबंदरकर:
गेला!! पावणेआठला आधी पंख नुसते थरथरायला लागले, चांगली दोन-तीन मिनिटं, मला वाटलं मरतोय की काय, आणि मग एकदम उचलला आणि सरळ डोंगराकडे. सासूबाई पण शेजारी उभ्या होत्या, दिवा त्यांनीच बंद केला. फोटो नाही मिळाला. खालचे पंख अंगाजवळ काळेकुट्ट होते, बाहेर पिवळ्याचे बारीक पट्टे.

रानवाट:
मरत नव्हता, उडायच्या आधी ते असंच थरथरून अंग गरम करतात. अंगाजवळ एवढं काळं असेल तर लॅकेसिस. स्टिक्सचे खालचे पंख बरेचसे पिवळे असतात, त्यावर दोन काळे पट्टे. आता एक काम करा, वांग्याच्या कुंडीखाली मिऱ्याहून मोठ्या काळ्या लेंड्या दिसतायत का रोज बघत जा. या पतंगांच्या अळ्या वांग्यावर येतात, बोटाएवढी जाड अळी, शेपटाला वाकडं शिंग. दिसली तर चार पानं खाऊ द्या तिला. कोश करायला ती मातीत शिरते, तेव्हा त्या कुंडीतली माती उकरू नका.

घोडबंदरकर:
आत्ताच टॉर्च लावून बघितलं, अजून काही नाही. कुंडी सासूबाईंनी आतल्या कोपऱ्यात सरकवलीय, वॉचमनला सांगितलंय इकडे फवारायचं नाही.